म्हसोबापुढची ओळ

गाणं तिसऱ्यांदा त्याच जागी थांबलं, तेव्हा जनीने मांडीवरचं सूप खाली ठेवलं.

ओटीवर समोर मालू बसली होती. दोघी लग्नघरचे तांदूळ निवडत होत्या आणि निवडता निवडता धवला, हळदीआधीचं लग्नाचं गाणं, घोळवत होत्या. जनी ओळ उचलायची, मालू मागून झेलायची. करंजाड्यात आणि आजूबाजूच्या गावांत कुठल्याही आगरी घरात लग्न निघालं की नवरीला हळद लागायच्या आधी देवांना आणि घरातल्या गेलेल्या माणसांना नाव घेऊन मांडवात बोलवायचं, हे धवलारणीचं काम. जनी धवलारीण होती. मालू तिची जोडीदारीण, दोघींच्या डोक्यात एकही पांढरा केस नव्हता तेव्हापासूनची.

"मांडवाची मेढ वाट बगं,
येशीच्या म्हसोबा, हलदीला ये."

मालूने ओळ झेलली आणि पुढच्या नावासाठी मान वर केली. पुढचं नाव आलं नाही.

"काय झालं?"

"दम लागला."

"तुना?" मालू हसली. "पिरकोनच्या लग्नात पोरं नाचून आडवी झाली तरी तुजा गला चालू होता. आनि सुपातल्या तांदलानं दम लागला?"

 जनीने सूप पुन्हा मांडीवर घेतलं, खडे नसलेल्या जागीही बोटं फिरवत राहिली.

गाणं तसं सोपं. प्रत्येक वेळी तीच ओळ, बदलतं ते फक्त नाव. आधी डोंगरावरची आई, मग गावदेवी, मग वेशीवरचा म्हसोबा. मग खाडीचा राखणदार, मिठागराच्या बांधावरचा बापूजी. आणि शेवटी त्या घरातली गेलेली माणसं, थोरल्यापासून धाकट्यापर्यंत. जनीने हे कधी पाठ केलं नव्हतं. आईच्या मागे बसून झेलता झेलता ते अंगात आलं होतं. एक नाव तोंडातून सुटलं की दुसरं त्याच्या पाठोपाठ आपोआप यायचं, जाळ्याच्या दोरीला धरून एकेक गाठ वर यावी तसं. आणि आता म्हसोबा बाहेर आला की त्याच्या मागे काहीच नव्हतं. नुसतं पांढरं.

तेवढ्यात गंगाबाई अंगणात आली.

गंगाबाई म्हणजे लग्नघरची आजी. तिची नात रोशनी रविवारी नवरी व्हायची होती. हातात नारळ, विडा आणि पदराखाली धरलेली साखरेची पुडी. तिने नारळ जनीच्या ओटीत घातला आणि पायरीवर टेकली.

"रविवारी संद्याकाली हलद. लवकर ये. प्रितेशनं डीजे सांगितलाय, त्याला थांबायला नको." प्रितेश रोशनीचा भाऊ. "पन एक सांगायला आले, जने. माज्या दीपेशला बोलवायचं."

"बोलवायचाच की, आत्ये."

"तू म्हनशील, मी काय वेगलं सांगते." गंगाबाईने पदराने मान पुसली. "तो सकाली दाढी करून घरातून निघाला. द्रोनागिरीच्या गोडाऊनला डुटीवर. डंपरनं उडवला तो तिकडंच. दवाखान्यातून परस्पर नेला, घराला त्याचा पाय लागलाच नाय. पोरीच्या हलदीला तरी घरात येऊदे. सगल्यांच्या देखत नाव घे त्याचं. नीट घे."

"घेईन."

"रोशनी रोज इचारते मना, आजी, बाबाला बोलावतील ना?"

"घेईन, आत्ये," जनी पुन्हा म्हणाली. ओटीतला नारळ तिला पोटावर धोंडा ठेवल्यासारखा लागत होता.

गंगाबाई गेली. मालूने तांदळाची पाटी बाजूला सारली.

"दम नाय लागला तुना," ती हळूच म्हणाली. "तुना पुढचं येत नाय."

"मालू, गप."

"ते शालेत जायला लागलीस तवापासून हाय ह्ये."

*

शाळा म्हणजे देवळामागची मंडळाची खोली. कोपऱ्यात गणपतीच्या मिरवणुकीचे ढोल, भिंतीला टेकवलेला कॅरम, आणि संध्याकाळी सात-आठ बायका सतरंजीवर. शिकवायला निशा यायची. नव्या इमारतींमध्ये राहणारी, एमएस्सी झालेली, दिवसभर कुठल्याशा लॅबमध्ये पाण्याचे नमुने तपासणारी. कुणी पैसे देत नसताना ही पोरगी कामावरून थेट इकडे येते, याचं बायकांना सुरुवातीला नवल वाटलं होतं, मग सवय झाली.

जनी तिथे गेली त्याला कारण होतं. मागच्या वैशाखात बेलपाड्याकडच्या एका टॉवरात हळद होती. सात इमारती, एकसारख्या, सगळ्यांच्या दाराशी पाट्या. जनी आणि मालू भलत्याच विंगेखाली उभ्या राहिल्या. वॉचमन म्हणाला, "समोर लिहिलंय की." त्या पोचल्या तोवर नवरीला हळद लागून गेली होती, मोबाईलवर लावलेल्या धवल्यावर. जनीने तो शेवटपर्यंत ऐकला. कुणी म्हटलाय तेही ठाऊक नव्हतं आणि त्या घरातलं एकही नाव त्यात नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती मंडळाच्या खोलीत जाऊन बसली.

निशाची पद्धत वेगळी होती. माणसाला जे तोंडपाठ आहे तेच आधी वाचायला द्यायचं. अर्थ माहीत असतो, आवाज माहीत असतो, फक्त अक्षर नवं. कुणाची भाकरीची कृती तिने कागदावर उतरवली होती, कुणाच्या नातवंडांची नावं. जनीला तिने विचारलं, तुम्हाला काय येतं? जनी म्हणाली, धवले. निशाने मोठा ड्रॉइंगचा कागद घेतला, जनीने म्हटलं तसंच, तिच्याच बोलीत, काळ्या स्केचपेनने लिहिलं. मोठी अक्षरं, मोकळ्या ओळी. म्हसोबापर्यंत आल्यावर कागद संपला.

"बाकीचं दुसऱ्या कागदावर घेऊ," निशा म्हणाली होती. तो दुसरा कागद राहूनच गेला. पहिला भिंतीवर लागला, आणि पावसाळाभर, दिवाळीभर जनी रोज त्याच्यासमोर बसून काडीने एकेक अक्षर दाखवत वाचत राहिली. डोंगरावरची आई, गावदेवी, म्हसोबा. डोंगरावरची आई, गावदेवी, म्हसोबा. ज्या दिवशी काडी न अडता शेवटपर्यंत गेली, त्या दिवशी बायकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

*

मालूने त्या संध्याकाळी जनीला हाताला धरून मंडळाच्या खोलीत आणलं. वर्ग सुटेपर्यंत दोघी बाहेर थांबल्या. बायका गेल्या तशी मालू आत घुसली.

"टीचर, तुमी हिचं गानं खाल्लंय. ते बाहेर काढा."

निशाला आधी काही कळलं नाही. मालूने सगळं सांगितलं, रविवारची हळद, दीपेशचं नाव, आणि जनीची अडलेली ओळ. जनी दाराच्या चौकटीला टेकून खाली बघत होती. पोरीसमोर असं उघडं पडणं तिच्या जिवावर आलं होतं.

 निशाने चष्मा वर केला आणि विचारलं, "मावशी, दुसरं गाणं म्हणता? तांदळाचं?"

जनीने म्हटलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, एका दमात.

"मेढ रोवायचं?"

तेही आलं.

"आता हे. पण मधूनच सुरू करा. गावदेवीपासून."

गावदेवी आली, म्हसोबा आला, आणि थांबलं.

"खाडीच्या राखणदारापासून करता येईल?"

जनीने तोंड उघडलं. राखणदार कोण ते तिला ठाऊक होतं, त्याचं देऊळही ठाऊक होतं, दर होळीला ती तिथे नारळ फोडत आली होती. पण ओळीला आत शिरायला वाटच सापडेना.

"डोळे मिटून?"

"डोले मिटले की जास्तीच दिसतो," जनी म्हणाली.

"काय दिसतं?"

जनीने भिंतीकडे बोट केलं. "यो. तुजा कागद. म्हसोबा खाली कोपऱ्यात. आनि मंग कड."

निशा वळली. कागदाकडे बराच वेळ बघत राहिली. म्हसोबाच्या ओळीखाली बोटभर जागा होती आणि त्याखाली भिंतीचा चुना.

"मी तिथे थांबवलं," ती म्हणाली. "गाणं तिथे संपत नाही. कागद संपतो. आणि तुम्ही इतके महिने रोज त्याच जागी थांबायचा सराव केलात." तिचा आवाज बारीक झाला. "माझ्या लक्षातच आलं नाही. मी फक्त अक्षरं बघत होते."

"आता काय ते लक्षात आनून उपयोग?" मालू म्हणाली. "उपाय सांगा."

उपाय निशाने बरेच केले. पुढचे चार दिवस ती कामावरून सुटली की धावत यायची. प्रितेशकडून जुन्या लग्नाचा व्हिडिओ मिळवला. त्यात जनीच म्हणत होती, पण मागे बँजो आणि पोरांचा गोंगाट, आणि शिवाय नावं दुसऱ्या घरची. व्हिडिओबरोबर जनी म्हणू शकायची. बंद केला की म्हसोबापाशी पुन्हा कड. मालूला पुढचं सांगायला बसवलं तर मालू म्हणाली, "मना येतं, पन हिच्या तोंडून आल्यावर." आणि खरंच, जन्मभर झेलत आलेल्या मालूला एकही ओळ पहिल्यांदा उचलता येईना. तिने दोनदा प्रयत्न केला आणि स्वतःवरच वैतागली.

शुक्रवारी निशाने दुसरा कागद आणला. पहिल्याच्या खाली चिकटपट्टीने लावला, कडेला कड जोडून.

"आता इथे कड नाही," ती म्हणाली. "तुम्ही सांगा, मी लिहिते."

जनी त्या कोऱ्या कागदाकडे बघत राहिली. काहीच येईना. निशा स्केचपेन उघडून उभी. बाहेर कुणाच्या तरी स्कूटरचा हॉर्न वाजला, देवळातली घंटा वाजली. तिच्या हातातलं पेन सुकत चाललं होतं.

"दीपेश लिव," जनी शेवटी म्हणाली.

"पण तो तर शेवटी येतो ना? मधलं सगळं..."

"मधलं येत नाय. त्याचं नाव लिव. मना ते तरी दिसूदे."

निशाने कागदाच्या मधोमध लिहिलं: दीपेश. वर कोरं, खाली कोरं. जनीने काडी न घेता वाचलं. हे नाव तिला कुणी शिकवलं नव्हतं. आधीच्या शब्दांतली अक्षरं तिने स्वतःच इथे जुळवली. एरवी निशाने टाळी वाजवली असती. आज तिने पेनाला टोपण लावलं.

जाताना मालू म्हणाली, "गंगाआत्येला सांगू या का, दुसरी बाई बग म्हनून?"

"दुसरी कोन हाय?" जनी म्हणाली. "मोबाईल."

*

मांडव इमारतींच्या मधल्या मोकळ्या मैदानात होता. पिवळे पडदे, पिवळ्या साड्या, पोरांचे पिवळे कुर्ते, आणि एका बाजूला माणसाच्या दुप्पट उंचीच्या स्पीकरांची भिंत, अजून मुकी. मधोमध उंबराची मेढ, तिला आंब्याचे डहाळे. पाटावर रोशनी. तिच्या मागे जरा अंतरावर तिची आई रंजिता, एका खांबाला धरून. गंगाबाईच्या हातात हळदीची वाटी.

निशा आली होती. जनीने तिला सांगून ठेवलं होतं, ये, पण समोर बसू नको. ती मागे बायकांच्या गर्दीत खुर्चीच्या कडेला टेकली होती.

"आजी, लवकर हं," प्रितेश जनीकडे वाकून म्हणाला. "डीजेवाला दोनदा विचारून गेला."

"त्याला सांग, आधी देव नाचतात," मालू म्हणाली. "मंग तुमी." बायका हसल्या. जनीही हसली. 

तिने ओळ उचलली. डोंगरावरची आई आली. मालूने झेलली, चार बायकांनी मालूच्या सुरात सूर घातला. गावदेवी आली. मांडव शांत होत गेला. मागे बोलत असलेले पुरुषही गप्प झाले. गंगाबाईने वाटीत बोट बुडवून तयार ठेवलं.

"मांडवाची मेढ वाट बगं,
येशीच्या म्हसोबा, हलदीला ये."

मालूने झेलली. आणि जनीच्या डोळ्यांसमोर कागदाची कड आली, सरळ, कातरीने कापल्यासारखी.

मालूने ओळ पुन्हा म्हटली, जणू तसंच म्हणायचं असतं. बायकांनी तिच्यामागे म्हटली. म्हसोबाला दुसऱ्यांदा बोलावणं गेलं. मालूने तिसऱ्यांदा म्हटली, आणि या वेळी तिने पदराखालून जनीच्या गुडघ्याला चिमटा काढला. काही बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. कुणीतरी कुजबुजलं. गंगाबाईचं हळदीचं बोट हवेतच होतं. त्यावरून एक थेंब पाटावर पडला.

रोशनीने मान वर केली. तिने जनीकडे पाहिलं, सरळ, न हलता. तिला गाण्यातलं काही कळत नव्हतं, ती फक्त एका नावाची वाट बघत होती.

चौथ्यांदा म्हसोबा. आता पुरुषांमधून कुणीतरी खाकरलं. स्पीकरमध्ये एकदा खरखर झाली, डीजेवाल्याने तार तपासली असावी.

जनीने डोळे मिटले. कागद दिसला. म्हसोबा खाली कोपऱ्यात, मग कड. तिने नजर कडेवरून खाली नेली, शुक्रवारी चिकटपट्टी होती तिथून, दुसऱ्या कागदावर. वर कोरं होतं. ती कोऱ्यात थांबली नाही. थांबायला तिथे काही नव्हतंच. नजर मधोमध येऊन टेकली, आणि तिथे काळ्या अक्षरांत एकच नाव होतं.

"मांडवाची मेढ वाट बगं,
दीपेश बाला, हलदीला ये."

मालू अडखळली. खाडीचा राखणदार गेला कुठे? पणजा, आजा गेला कुठे? पण जनीने टाकलेली ओळ खाली पडू द्यायची तिला सवयच नव्हती. तिने झेलली. बायकांनी मागून उचलली. खांबाला धरलेली रंजिता खाली बसली. रोशनीचे डोळे वाहू लागले, ती पुसायलाही विसरली.

"देवांच्या आदी माणूस बोलावला," मागून एका बाईचा आवाज आला, मुद्दाम ऐकू जाईल असा. "धाकटा आदी, थोरले मागं."

जनीने ऐकलं. पण आता तोंडातून नाव सुटलं होतं आणि त्याला धरून दुसरं वर येत होतं. दीपेशच्या मागून त्याचा बाप आला, काशीराम. काशीरामच्या मागून त्याचा बाप, दादू. पोराने बापाला हाताला धरून आणावं, बापाने आज्याला, तसे ते उलटे चालत आले. दादूच्या मागून मिठागराच्या बांधावरचा बापूजी. बापूजीच्या मागून खाडीचा राखणदार. आणि राखणदाराच्या पलीकडे जनीला म्हसोबा दिसला, पाठमोरा. ती त्याच्यापाशी मागच्या बाजूने येऊन पोचली होती. कुणीही राहिलं नव्हतं. तिने ओळ सोडली, आणि तिचा श्वास एकदम मोठ्याने बाहेर पडला.

 सगळ्या बायका गंगाबाईकडे बघत होत्या. हळद लावायची की नाही, हे तिच्या हातात होतं.

गंगाबाई जनीकडे वळली. "जने, ह्यो क्रम कुटला?"

जनीला खोटं सांगता आलं असतं. मेलेल्या जवान माणसाचा मान आधी असतो, असं काहीतरी. बायकांनी मानलंही असतं.

"क्रम नाय, आत्ये," ती म्हणाली. "मी म्हसोबापाशी अडकले. म्होरं फक्त तुजा लेक दिसला. त्याला धरून आले."

गंगाबाईने वाटीकडे पाहिलं. तिचे ओठ हलले, मग दाबले गेले, आणि मग त्यांच्या कडेला काहीतरी हसण्यासारखं आलं.

"तो रांगेत कवा उबा रायला?" ती म्हणाली. "रेशनच्या दुकानात पन मागून जाऊन म्होरं घुसायचा."

तिने बोट रोशनीच्या गालाला लावलं. मागच्या बाईने "तरी पन..." असं म्हटलं, पण ते अर्धंच राहिलं. मालूने हळदीचं गाणं उचललं होतं. मालूने. जनीने वळून पाहिलं, तिच्या जोडीदारणीचा चेहरा लाल झाला होता आणि मान ताठ होती. जनीने ओळ झेलली.

मागे निशा अजून खुर्चीच्या कडेलाच होती. हात मांडीवर, मोबाईल पर्समध्ये; तिने काहीच टिपून घेतलं नव्हतं.

*

सोमवारी जनी वर्गाला आली तेव्हा निशा भिंतीपुढे उभी होती. दोन्ही कागद तसेच होते, एकाखाली एक.

"आता सगळं आठवतंय ना? मधलं लिहून टाकू का?" निशाने विचारलं आणि लगेच स्वतःच म्हणाली, "की नको?"

"नको. दोनी काढ."

निशाने चिकटपट्ट्या सावकाश सोडवल्या, कागद गुंडाळले. जनीने ती गुंडाळी घेऊन ढोलांच्या मागे उभी केली.

"मावशी, गाणं आता पहिल्यासारखं येतं?"

"येतं. म्हसोबापाशी जरा थांबतं. मालूला दम खायला बरं पडतं." जनी सतरंजीवर बसली. "त्या बायकांनी गावात सांगितलंय, जनीचा धवला उलटा झाला. पुढच्या लग्नाला मना बोलावतील का नाय, बगू."

"माझ्यामुळे..."

"तुज्यामुलं कागद. अडकले मी." तिने काडी हातात घेतली. "पन एक सांगू? मना येतं ते नको देऊ वाचायला. येतं ते येतं. येत नाय ते दे."

निशाने थोडा विचार केला, मग मोबाईल काढला. तिच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये लावलेल्या सूचनेचा फोटो होता. तिने तो नव्या कागदावर मोठ्या अक्षरांत उतरवला, शेवटच्या शब्दापर्यंत, आणि खाली उरलेली जागा दुमडून टाकली.

दारात चपला वाजल्या. मालू आत आली, कुणाकडे न बघता जनीच्या मागे सतरंजीवर बसली. "घरी लाईट नाय," ती म्हणाली. बाहेर सगळ्या गावात दिवे दिसत होते.

जनीने काडी पहिल्या अक्षराखाली ठेवली.

"ल... हा... न."

"लहान," मालूने मागून झेललं.